स्टोरची खिडकी

९ नोव्हेंबर २००५, बुधवार

ईद झाली, माझा धाकटा भाऊ अझीम मस्कतला परत गेला आणि जाता जाता मला बिनपगारी नोकरीला लावून गेला. हुद्दा : फोटोग्राफर. खाडीपलीकडे गावात त्याचं घर बांधून होतंय. दर रविवारी तिथे जायचं, फोटो काढायचे आणि शहरात येऊन सायबर कॅफेतून त्याला पाठवायचे.

"आपा, त्या भागोजी कॉन्ट्रॅक्टरवर नजर ठेवायला तुझ्याशिवाय कोण आहे गो मला?"

कोणी नाही, हे खरं. आणि माझी जीभ असली की नजरेची फारशी गरज पडत नाही.

'त्याचं घर' लिहिलं खरं, पण जोतं आमच्या जुन्या घराच्या जागेवरच आहे. त्या घरात मी अम्माचं शेवटपर्यंत केलं. गेल्या उन्हाळ्यात ते पाडायचं ठरलं तेव्हा मी माझा हिस्सा सही करून अझीमला दिला. एकुलता एक भाऊ, त्याच्याशी हिश्श्याची भाषा कुठे करायची! तेव्हापासून मी शहरात आनंदीबाईंच्या माडीवर भाड्याने राहते. त्यांच्या मुलाचं लग्न मे महिन्यात आहे, माडी त्याला हवी आहे. मी म्हटलं, खुशाल घ्या, तोवर माझं घर उभं राहतंय.

निघताना अझीम स्वतःहून म्हणाला, "तुझ्या सामानाची काळजी करू नको आपा. मागची कोपऱ्यातली खोली आहेच." मागची कोपऱ्यातली म्हणजे जिथून खाडी दिसते ती. न मागता दिलीन. शाळेत मी मराठी शिकवते; एका वाक्यात एवढी माया क्वचित वाचायला मिळते.

१२ नोव्हेंबर, शनिवार

राम आळीत कॅमेरा घ्यायला गेले. अझीमची अट : स्वस्तातला, खिशात मावेल असा, डिजिटल. दुकानदाराने काचेवर चार डब्या मांडल्या. सगळ्या रुपेरी, सगळ्या साबणाच्या वडीएवढ्या.

"मॅडम, हा घ्या. चार मेगापिक्सेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तीनपेक्षा जास्त."

"आणि हा झूम?"

"ऑप्टिकल तीन, डिजिटल चार. गुणिले करा, बारा!" जणू बारा त्याने घरी पिकवले होते.

मी दुकानाच्या दारात उभी राहून समोरच्या मेडिकलच्या पाटीवर तो झूम लावला. तिनापर्यंत अक्षरं जवळ आली. पुढे नुसती फुगली, मग त्यांचे चौकोन झाले. म्हणजे डिजिटल झूममध्ये जवळ काहीच येत नाही, लांबचं आहे तेच ताणून मोठं दाखवतात. दुकानदाराला तसं सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, बाकीचे गिऱ्हाईक एवढं बघत नाहीत." हे त्याने कौतुक म्हणून सांगितलं.

शेवटी तीन ऑप्टिकलवालाच घेतला, कारण तो साध्या पेन्सिल सेलवर चालतो. दुसऱ्याची बॅटरी गेली तर मुंबईहून मागवायची. सोबत एक सल्ला दुकानदाराने फुकट दिला : "सूर्य नेहमी आपल्या पाठीमागे ठेवायचा. माणसाच्या मागे सूर्य आला की तोंड काळं येतं." एवढं एक वाक्य त्या दुकानात कामाचं निघालं.

२० नोव्हेंबर, रविवार

पहिला हप्ता. चिऱ्याच्या भिंती कमरेएवढ्या झाल्यात. भागोजी संगमेश्वराकडचा, डोक्यावर टॉवेल, तोंडात पान. मला घर फिरवून दाखवत होता.

"ह्यो हॉल. ह्ये किचन. ह्या तीन बेडरूमा. ही बारकी मशिनीची. आनि त्यो मागला कोपऱ्यातला स्टोर."

"स्टोर नव्हे. खोली. माझी."

"व्हय, खोली," असं म्हणून तो पान थुंकायला वळला.

कॅमेऱ्याचा एक गुण आज कळला. बटण दाबलं की तो आधी विचार करतो, मग फोटो काढतो, सरकारी कचेरीसारखा. तोवर गवंडी चौकटीतून निघून जातो. पहिल्या दहा फोटोंत भागोजीची पाठ, भागोजीचं अर्धं डोकं आणि एक घमेलं आलं. सेलही उतरले. दुकानदार म्हणालाच होता, पेन्सिल सेल कुठेही मिळतात. कुठेही संपतात हे नव्हता म्हणाला. चार्जिंगचे आणायला हवेत.

२१ नोव्हेंबर, सोमवार

मारुती मंदिराजवळ दीपालीचा सायबर कॅफे. ही माझीच जुनी विद्यार्थिनी, वेलांट्या तेव्हाही मनाला येतील तशा द्यायची. आता तिचं बरं चाललंय. पाटीवर 'ईंटरनेट' लिहिलंय, आणि लोक येतात!

"बाई, तुमचे फोटो मोठे आहेत, जात नाहीत. बारीक करते." बारीक करून पाठवले. माझ्या खोलीचा फोटो मुद्दाम सगळ्यात वर लावायला सांगितला.

अझीमचं उत्तर शुक्रवारपर्यंत येईल. मराठी तो इंग्रजी अक्षरांत लिहितो. वाचताना काट्यांचा मासा खाल्ल्यासारखं होतं.

११ डिसेंबर, रविवार

उत्तरं येतात : 'हॉलचा आणखी एक', 'गेटचा समोरून', 'फिजा म्हणते किचनचा ओटा आतून दाखव'. फिजा म्हणजे त्याची बायको. माझ्या खोलीबद्दल अजून अवाक्षर नाही. माणूस कामात असतो.

८ जानेवारी २००६, रविवार

आज भागोजीला असा झापला की गवंडी पहाडावरून, म्हणजे त्यांच्या बांबूच्या माचणीवरून, खाली उतरून ऐकायला उभे राहिले.

माझ्या खोलीची भिंत डोक्याच्या वर गेली आणि खिडकीला जागाच नाही! अगदी वर, छत येणार तिथे, एका चिऱ्याएवढं भोक.

"हे काय आहे?"

"झरोका. पलानात तसाच हाय."

"माणूस राहणार आहे की उंदीर? खाडी तिकडे आहे, भागोजी. त्या भोकातून मला फक्त कावळे दिसतील, आणि तेही उडताना!"

"आपा, तुमच्या भावानं सांगितलान तसा आमी बांधताव."

"माझ्या भावाने मला खाडी दिसेल अशी खोली सांगितली आहे. प्लॅन वाचता येत नाही तर तसं सांग, मी शिकवते. चौथीच्या पोरांना शिकवलंय."

 भागोजीने टॉवेलने कपाळ पुसलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मला वाटलं, लाज वाटली असेल.

२२ जानेवारी, रविवार

बकरी ईदमुळे एक रविवार चुकला. आज गेले तर माझ्या खोलीत खिडकी! चांगली कमरेपासून वर, दोन हात रुंद, पश्चिमेकडे तोंड. खाली माडांचे शेंडे, पलीकडे खाडी, भरतीचं पाणी चढत होतं. आतून फोटो काढला. उजेड एवढा होता की कॅमेऱ्याने फ्लॅश मारायची गरजच मानली नाही. ह्याचं एक बरं आहे, फ्लॅशचं तो स्वतःच ठरवतो. अंधार असेल तरच मारतो. विचारायला येत नाही आणि चुकतही नाही.

भागोजीला म्हटलं, "बघ, आता जमलं की नाही?"

"जमला," तो म्हणाला. "पन आपा, ह्या खिडकीचा फोटू भावाला धाडू नका हां."

"का?"

"उगाच. अजून पलास्टर नाय."

ह्याच्या मेल्याच्या प्लास्टरसाठी मी माझी खिडकी लपवू! तीच सगळ्यांत आधी पाठवली.

२६ फेब्रुवारी, रविवार

स्लॅब ओतून झाला. भागोजी सिमेंट खातो, हे आज मी पुराव्यानिशी पकडलं. कॅमेऱ्यात फुलाचं चित्र असलेलं एक बटण आहे, ते दाबलं की अगदी नाकाशी आणलेली वस्तूसुद्धा स्वच्छ येते. ते दाबून चिऱ्यांच्या सांध्यांचे फोटो काढले. नखाने खरवडलं तर नुसती वाळू. भागोजी म्हणतो वाऱ्याने झडतं. वारा काय नख लावून बसला होता?

सगळे फोटो अझीमला धाडले. उत्तर आजच आलं, तेही पाच शब्दांचं : 'स्लॅबचं भागोजी बघेल. हॉल पाठव.' टाइल्स ठरवायच्या आहेत म्हणे. घर चोरीला जातंय आणि ह्यांना टाइल्सचं पडलंय.

१९ मार्च, रविवार

आज अझीमचा पहिल्यांदा रागाने लिहिलेला मेल. दीपालीने वाचायला मदत केली.

'जुने फोटो आता नीट बघितले. स्टोरला एवढी मोठी खिडकी कोणी सांगितली? चोर यायला? लगेच बुजवायला सांग.'

वाचून बरंच वाटलं. शेवटी बघायला लागला एकदाचा! स्वयंपाकघराला लागून ती चिंचोळी खोली आहे ना, भागोजी जिला मशिनीची म्हणतो, तिला खरंच खिडकी ठेवलीये. डबे-बरण्यांच्या खोलीला खिडकी कशाला?

दीपाली पडद्यावरून मान न वळवता म्हणाली, "बाई, स्टोर म्हणजे कुठली हो त्यातली?"

"तू आधी इंटरनेटची इ ऱ्हस्व कर," म्हटलं.

तशीच संध्याकाळच्या गाडीने गावाला गेले. भागोजी हातपाय धूत होता.

"भागोजी, स्टोरची खिडकी बुजव. अझीमने सांगितलंय."

त्याने तांब्या खाली ठेवला. "स्टोरची? आपा, तुमी सांगताय?"

"मग कोण सांगणार? मस्कतहून हुकूम आलाय आणि इथे मीच आहे."

"आपा, नीट बघून सांगा. बुजवू?"

"चोर येतील त्या खिडकीतून."

"चोर नाय येयाचे तिथून."

"तुला काय माहीत चोरांचं? म्हणजे, तुला असेलच माहीत. बुजव म्हणते ना!"

"बरा," तो म्हणाला. मी रस्त्यापर्यंत आले तरी तो तिथेच उभा होता. मालकाचा हुकूम पाळायला ह्या लोकांना एवढं जड का जातं कोण जाणे.

९ एप्रिल, रविवार

परीक्षा, पेपर तपासणी, दोन रविवार गेलेच नाही. आज गेले. 

घर आतून सगळं गिलावा केलेलं. हॉल झाला, बेडरूम झाल्या, मग सवयीने माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून बटण दाबलं. बाहेरच्या उन्हातून आले होते, डोळे दिपलेले. मला काही कळायच्या आत फ्लॅश उडाला.

इथे फ्लॅश? ह्या खोलीत तो स्लॅब आल्यावरही कधी उडाला नव्हता.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. समोर सपाट भिंत. मधोमध ओला-काळपट चौकोन, खिडकीएवढा. आणि दोन्ही बाजूंना कडाप्प्याच्या फळ्या, तीन-तीन, डबे ठेवायला.

भागोजीला हाक मारली नाही, ओरडले. आला.

"माझी खिडकी का बुजवलीस?"

"तुमीच सांगितलात."

"मी स्टोरची सांगितली!"

"ह्योच स्टोर, आपा." तो खाली बघत होता. "पयल्या दिवसापास्नं. पलानात स्टोर हाय. ती बारकी धुलाईच्या मशिनीची. मी तुमाला किती बोललो, स्टोर, स्टोर. तुमी दर बारीनं म्हनायच्या, खोली म्हन. मी म्हनायचो, व्हय."

"मग तेव्हाच तोंड फोडून का नाही सांगितलंस?"

"भावानं सांगितलान, आपाला घर पुरा होयपरेंत कळवू नको. ती येवून काम बघता, तिला बघू दे."

"आणि ती खिडकी? ती कोणी काढली?"

"मीच काढली. तुमी वरडलात, मना बरा नाय वाटला." मग म्हणाला, "आनि खिडकी काढली तर वरडायच्या थांबाल, असा पन वाटला."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो उभा राहून ऐकून घेत होता, हे जास्त चीड आणणारं होतं. एकदा तरी उलटून बोलायचं ना!

संध्याकाळी शहरात येऊन अझीमला फोन लावला.

"आपा, तू उगाच रागावतेस गो. फिजाच्या अम्मीला एक खोली, मुलांना एक, आम्हांला एक. तू शहरात असतेस, शाळा तिथेच. येशील तेव्हा हॉलमध्ये झोप, आपलंच घर आहे."

"तू मला खोली देतो म्हणाला होतास."

"कधी? मी म्हणालो तुझ्या सामानाची काळजी करू नको. सामान राहीलच की स्टोरमध्ये. पेटी, पुस्तकं, काय असेल ते."

फोन ठेवला. तो खरं बोलतोय. तेच म्हणाला होता. सामानाची काळजी. सामानाची. वर्गात मी पोरांना वाक्यातला एकेक शब्द सोलून दाखवते, कोणता शब्द कुणासाठी आलाय ते विचारते, चुकला तर उभं करते. आणि माझ्या वाट्याला एक वाक्य आलं तर त्यातून सामान काढून मी स्वतःला बसवलं. शिवाय त्याच्या घराची पहारेकरीण झाले, आणि माझ्याच खिडकीवर माझ्याच तोंडाने चिरे रचायला लावले!

अम्मा शेवटच्या आजारात खाडीकडे तोंड करून पडायची. तिला कूस मी वळवून द्यायचे. तेव्हा हा मस्कतहून फोन करून विचारायचा, 'अम्मा बरी आहे ना?' आणि मी म्हणायचे, बरी आहे. लांबचं तेवढं मोठं करून बघायची सवय मला कॅमेऱ्याने नाही लावली.

१४ एप्रिल, शुक्रवार

शाळेला सुट्टी. सकाळच्याच गाडीने गावाला गेले.

"भागोजी, पहार दे."

"कशाला?"

"चोरांना वाट करायची आहे."

त्याने पहार दिली नाही, स्वतः घेऊन आला. मी हिसकावून घेतली. पहिलाच घाव चौकोनाच्या सांध्यावर घातला आणि चिरा हलला. दुसऱ्या घावाला बाहेर पडला. सांध्यातून वाळूची धार लागली. सिमेंट असं नावालाच.

मी थांबून त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या चोरीचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला," म्हटलं.

"ह्या सांध्यात मुद्दाम कमी घातलेला, आपा," तो म्हणाला. खरं की खोटं, देव जाणे. खोटं बोलण्यात त्याचा हात कोण धरणार? पण पुढचे चिरे त्याने काढले, कारण माझ्या तळहाताला फोड आले होते.

शेवटचा चिरा निघाला तसा उजेड आत पडला, थेट त्या फळ्यांवर. फोटो काढला. फ्लॅश उडाला नाही.

परत येऊन दीपालीकडून तो एकच फोटो अझीमला पाठवला. ती म्हणाली, "बाई, विषय काय लिहू?"

"आपाची खोली."

तिने टाइप केलं. एकही चूक नाही.

"पोचली का?"

"पोचली, बाई. वाचतील की नाही ते सांगता येत नाही."

३० एप्रिल, रविवार

उत्तर नाही. आनंदीबाईंची माडी खाली केली. टेम्पोत पेटी, कॉट, पुस्तकं, अम्माची आरामखुर्ची. आनंदीबाई निरोप देताना म्हणाल्या, "घर झालं एकदाचं तुमचं!" मी म्हटलं, होतंय.

कडाप्प्याच्या फळ्यांवर पुस्तकं बसली. चांगल्या आहेत फळ्या. दाराला आतून कडी नव्हती. डब्यांना कडी कशाला लागेल! ती भागोजीकडून बसवून घेतली. चौकटीला खिळा मारताना तो म्हणाला, "भाव आला तर मना काय सांगू?"

"सांग, स्टोर भरला."

१२ मे, शुक्रवार

आज घरभरणी. सकाळी कुराणखानी झाली, दुपारी बिर्याणीची डेग उतरली. परवा आल्यापासून अझीम माझ्याशी हवापाण्याचं बोलतोय. आज सगळ्यांसमोर खोलीच्या दारात आला, कॉटकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि गेला. फिजा मात्र थांबली.

"आपा, मग आमचे तांदळाचे डबे कुठे ठेवायचे?"

"मशिनीच्या खोलीत."

"आणि मशीन?"

"ती हॉलमध्ये झोपेल. आपलंच घर आहे."

फिजाने ओढणी सावरली आणि तिथून हलली. मागे दोन बायका तोंडात पदर धरून होत्या, त्यांच्यासाठी मी नव्हते बोलले. मला अजून चीड आहे. ही खोली त्याने दिलेली नाही, आणि परत घ्यायची हिंमतही त्याच्यात नाही, ह्या दोहोंच्या मधल्या जागेत मी राहायला आले आहे. पावसाळा जाईल. पुढचं पुढे.

संध्याकाळी पाहुणे पांगले आणि अझीमने सगळ्यांना मागच्या अंगणात गोळा केलं, खाडी मागे घेऊन फॅमिली फोटो काढायचा म्हणून. तो, फिजा, मुलं, फिजाची अम्मी. सगळे माझ्या खिडकीसमोर ओळीने उभे राहिले. मी आत, आरामखुर्चीत. कॅमेरा फळीवर होता.

"आपा," त्याने हाक मारली, आवाज गोड, विमानतळावरून फोन करताना असतो तसा. "कॅमेरा तुझ्याकडेच आहे ना? तिथूनच काढ की. खिडकीतून बरोब्बर येतो सगळा."

त्यांच्या मागे सूर्य खाडीत उतरत होता.

मी कॅमेरा उचलला, खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या हातात ठेवला.

"इथून नको," म्हटलं. "इथून काढला तर तुम्हां सगळ्यांची तोंडं काळी येतील."